मनोविकारावरील औषधे आणि घरची शुश्रूषा : न्यूझीलंडमधील एक धडा

घरात कोणास मधुमेह झाला, तर पथ्य सांगण्यास सारे नातेवाईक पुढे सरसावतात. हृदयविकार झाला, तर सिनॅगॉगमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना होते. परंतु मनोविकार जडला की आवाज खाली येतो. 'जरा अशक्तपणा आहे', 'झोप लागत नाही', असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली जाते. मुलीबाळींच्या सोयरिकीची काळजी त्यामागे असते, हे कोणी नाकारणार नाही. या संकोचाची झळ चार लोकांच्या कुजबुजीपुरती मर्यादित राहिली असती, तर ती सोसता आली असती. पण जेथे मनोविकारावरील औषधे रोज घ्यावी लागतात, तेथे हाच संकोच प्राणांवर बेतू शकतो. ही औषधे आजार आवरतात आणि माणसास पुन्हा घरात, कामात व समाजात आणून बसवितात. मात्र त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते आणि जे दिसेल ते बोलावे लागते. न्यूझीलंडमधील परिचारिकांनी व डॉक्टरांनी या बाबतीत जो अनुभव मिळविला आहे, तो आपल्या कुटुंबांनी जाणून घेण्यासारखा आहे.

पोरिरुआचा अनुभव

वेलिंग्टनच्या उत्तरेस पोरिरुआ नावाचे गाव आहे. तेथे १८८७ साली मनोरुग्णालय सुरू झाले. एके काळी शेकडो रुग्ण तेथे वर्षानुवर्षे राहत. आज त्या परिसरात मनोरुग्णांसाठी आधुनिक सेवा चालतात. क्लोझापिन या औषधासंबंधीचे महत्त्वाचे संशोधन याच परिसराशी निगडित आहे.

क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरील औषध असून, इतर औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांस ते दिले जाते. त्याचा इतिहास चढउतारांचा आहे. १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटून आठ रुग्ण दगावले आणि अनेक देशांत त्याचा वापर थांबला. पुढे १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले की, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांस याने खरोखर उतार पडतो. तेव्हा नियमित रक्ततपासणीच्या अटीवर ते पुन्हा वापरात आले. आरंभी १८ आठवडे दर आठवड्यास आणि त्यानंतर अधिक अंतराने रक्त तपासावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. रक्ताची भीती सर्वांच्या मनात ठसली आणि तीवर उत्तम पहारा बसला.

परंतु दुसऱ्या एका धोक्याकडे बराच काळ कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. तो धोका बद्धकोष्ठाचा. क्लोझापिनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते. मळ साचत जातो, आतडे फुगते आणि वेळीच इलाज न झाल्यास ते बंद पडते वा फाटते. न्यूझीलंडमधील संशोधकांनी २००८ साली अशा १०२ गंभीर प्रकरणांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील २७.५ टक्के रुग्ण मृत्युमुखी पडले होते. साध्या बद्धकोष्ठाने चारांतील एकाहून अधिक रुग्ण जावेत, हे वाचून कोणाचेही मन चरकेल.

डॉ. सुझॅना एव्हरी-पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हा प्रश्न प्रत्यक्ष मोजून पाहिला. रुग्णास क्ष-किरणांत दिसणारे बारीक कण गिळावयास देऊन ते आतड्यातून किती वेगाने पुढे सरकतात, हे छायाचित्रांवरून पाहण्यात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अन्य मनोविकार-औषधे घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्यातून हे कण बाहेर पडण्यास साधारण २३ तास लागत, तर क्लोझापिन घेणाऱ्यांत तोच काळ १०४ तासांच्या वर गेला. म्हणजे एक दिवसाचे काम चार दिवसांवर गेले. पुढील वर्षी 'पोरिरुआ प्रोटोकॉल' या नावाने ओळखली जाणारी उपचारपद्धती प्रसिद्ध झाली. तीत डॉक्युसेट व सेन्ना ही रेचके नियमाने द्यावयाची आणि गरज पडल्यास मॅक्रोगोलची जोड द्यावयाची असते. १४ रुग्णांवरील त्या अभ्यासात आतड्याचा काळ ११० तासांवरून ६२ तासांवर आला. २०२० साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनेही या धोक्याविषयीचा आपला इशारा अधिक कडक केला.

केवळ विचारून भागत नाही

या संशोधनातून परिचारिकांस मिळालेला मोठा धडा असा की, 'पोट साफ होते ना?' एवढे विचारणे पुरेसे नाही. आतडे जवळजवळ थंडावले असतानाही पुष्कळ रुग्ण 'होय, ठीक आहे' असेच उत्तर देतात. काहींस त्रास जाणवतच नाही, काहींस सांगण्याची लाज वाटते आणि काहींस आजारामुळे ते शब्दांत मांडता येत नाही. म्हणून जाणती परिचारिका शौचाचा दिवस, स्वरूप आणि पोटाचा फुगार यांची नोंद ठेवते.

घरीही हेच करता येते. भिंतीवरील दिनदर्शिकेवर शौचाच्या दिवशी एक खूण करावी. दोन दिवस खूण झाली नाही, तर परिचारिकेस वा डॉक्टरांस फोन करावा. पोट फुगून कडक झाले, जोराने दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या किंवा पातळ मळ थोडाथोडा झिरपू लागला, तर वाट न पाहता १११ क्रमांकावर फोन करून रुग्णालयात न्यावे. पातळ मळ पाहून 'आता पोट सुटले' असे समजणे घातक ठरते, कारण साचलेल्या मळाच्या कडेनेही पाणी वाहत असते.

येथे आपल्या घरगुती औषधांविषयी एक सूचना करणे अगत्याचे आहे. बद्धकोष्ठ म्हटले की आपण इसबगोल काढतो. इतरांस तो उपकारक असला, तरी क्लोझापिनने मंदावलेल्या आतड्यात इसबगोलासारखा फुगणारा पदार्थ अडकून अवरोध वाढवू शकतो. म्हणून तो आपल्या मनाने देऊ नये. वल्हांडणाच्या सणात बेखमीर भाकरीने ज्यांचे पोट एरवीही जड होते, त्यांच्याकडे त्या आठवड्यात विशेष लक्ष असावे. भाज्या, फळे, पाणी आणि ठरवून दिलेले रेचक यांत त्या दिवसांत खंड पडू देऊ नये.

क्लोझापिनच्या रुग्णास ताप आला वा घसा दुखू लागला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. औषध सुरू केल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत छातीत दुखणे, धाप लागणे वा नाडी फार जलद चालणे ही हृदयाच्या स्नायूस सूज आल्याची लक्षणे असू शकतात. धूम्रपान करणाऱ्याने ते अचानक सोडले, तर रक्तातील क्लोझापिनचे प्रमाण वाढते. धूम्रपान अवश्य सोडावे, परंतु आधी परिचारिकेस सांगून. आणि ४८ तासांहून अधिक काळ गोळ्या चुकल्या, तर पूर्वीचीच मात्रा एकदम पुन्हा सुरू करू नये. ती लहान मात्रेपासून चढवावी लागते.

लिथियम आणि रोजा

दुसरे औषध लिथियम. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर त्याचा गुण प्रसिद्ध केला आणि आजही ते अनेकांस सावरून धरते. लिथियम हा एक क्षार आहे. शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले, की मूत्रपिंड त्यास बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवते आणि रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. गुणकारी प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत अंतर थोडे असते. म्हणूनच शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त घेऊन हे प्रमाण वेळोवेळी मोजतात, आणि मूत्रपिंड व थायरॉइड यांचीही तपासणी करतात.

जुलाब, उलट्या, ताप, कडक ऊन, आणि डॉक्टरांस न विचारता अचानक मीठ सोडणे, या सर्वांत धोका आहे. तसाच धोका सांधेदुखीवरील काही गोळ्यांत आहे. मुंबईहून येताना पिशवीत टाकलेली ब्रुफेन वा डायक्लोफेनॅक, किंवा येथील सुपरमार्केटात सहज मिळणारी आयबुप्रोफेनची गोळी लिथियमचे प्रमाण चढवू शकते. रक्तदाबावरील काही औषधेही तसे करतात. हात जोराने थरथरणे, तोल जाणे, जीभ अडखळणे, गुंगी आणि उलट्या ही विषबाधेची लक्षणे होत. अशा वेळी पुढील गोळी न देता ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी.

यावरून दारफळणीच्या सणाचा प्रश्न उभा राहतो. पंचवीस तास पाण्याचा थेंबही न घेणे लिथियमच्या रुग्णास मानवेल काय? प्रकृती स्थिर असता काहींना ते निभावते, काहींना नाही. हा निर्णय रुग्णाने वा घरातील वडीलधाऱ्यांनी परस्पर घेऊ नये. सणाच्या काही आठवडे आधी डॉक्टरांस विचारावे, आणि बिरड्याच्या रोजासाठीही तीच रीत ठेवावी. न्यूझीलंडमध्ये हा रोजा हिवाळ्यात येतो, पण त्याच दिवसांत जो इस्रायलमध्ये आप्तांकडे गेलेला असेल, त्याची गाठ तेथील उन्हाळ्याशी पडते. आपल्या धर्मात या बाबतीत संदिग्धता नाही. प्राणरक्षण इतर आज्ञांहून वरचढ आहे, आणि मिशनाच्या योमा भागात तर जाणकारांच्या सांगण्यावरून आजाऱ्यास त्या दिवशी खाऊ घालावे, असे स्पष्ट सांगितले आहे. मनाचा आजार हाही आजारच होय. वैद्याच्या आज्ञेने पाणी पिणाऱ्या माणसाकडे वाकड्या नजरेने पाहणे, हाच त्या दिवशीचा अपराध ठरेल.

औषध देण्याची रीत

परिचारिकेस शिक्षणाच्या आरंभीच पाच गोष्टी पडताळावयास शिकवितात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. घरातही हा पाठ उपयोगी पडतो. येथील औषधविक्रेते आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे कप्प्यांत भरून देतात. त्यामुळे चूक टळते आणि गोळी राहिली असल्यास लगेच दिसते. फार निराश झालेल्या वा जीव देण्याचे बोलणाऱ्या रुग्णाच्या हाताशी महिन्याभराच्या गोळ्या ठेवू नयेत. थोड्या थोड्या आणाव्यात आणि कुलपात ठेवाव्यात. असे बोलणे कानी आले, तर ते 'नुसते बोलणे' समजून सोडून देऊ नये. १७३७ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही विनामूल्य बोलता येते. प्रसंग तातडीचा असल्यास १११ आहेच.

रुग्ण नकार देतो म्हणून चहात वा वरणात गोळी मिसळून देण्याची चाल काही घरांत आहे. हेतू चांगला असला, तरी ती सोडावी. मात्रा पोटात किती गेली हे कळत नाही, काही गोळ्या कुस्करल्याने अपाय होतो, आणि एकदा का ही गोष्ट रुग्णास कळली की त्याचा घरच्या अन्नावरचाही विश्वास उडतो. नकाराचे कारण विचारावे. पुष्कळदा वजन वाढणे, सुस्ती वा हातापायांची बेचैनी असे खरेखुरे त्रास त्यामागे असतात आणि डॉक्टर मात्रा वा औषध बदलून ते कमी करू शकतात. बरे वाटू लागले म्हणून औषध एकाएकी बंद करणे हे तर सर्वांत वाईट. आजार उलटण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

भाषा आणि हक्क

या साऱ्यासाठी बोलणे आवश्यक, आणि परदेशात बोलण्यास भाषा आडवी येते. उतारवयात न्यूझीलंडात आलेल्या आईस वा आत्यास आपला त्रास मराठीतच नीट सांगता येतो. अशा वेळी घरातील शाळकरी मुलास दुभाषा म्हणून पुढे करण्यात येते. आजीच्या शौचाविषयी किंवा वडिलांच्या मनातील मरणाच्या विचारांविषयी बारा वर्षांच्या मुलाने भाषांतर करावे, हे त्या मुलावरही अन्याय करणारे आहे आणि रुग्णासही धोक्याचे. मूल काही गाळते, आई काही लपविते, आणि डॉक्टरांपर्यंत अर्धेच पोहोचते.

याची गरज नाही. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून आरोग्यसेवा घेणाऱ्यांच्या दहा हक्कांची संहिता कायद्याने लागू आहे. समजेल अशा भाषेत माहिती मिळणे, आवश्यक व शक्य असेल तेथे सक्षम दुभाषा मिळणे, आणि आपल्या विश्वासाचा माणूस सोबत ठेवणे, हे त्यांतील हक्क होत. मनोविकाराच्या सक्तीच्या उपचारासंबंधीच्या १९९२ च्या कायद्यातही दुभाष्याची तरतूद आहे. तेव्हा भेटीची वेळ ठरवितानाच 'आम्हांस मराठी दुभाषा हवा' असे सांगावे. साधी शंका विचारावयाची असल्यास हेल्थलाइनचा ०८०० ६११ ११६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो. औषधाचा काही दुष्परिणाम आढळल्यास रुग्ण वा नातेवाईक स्वतःही मेडसेफ या सरकारी संस्थेस तो कळवू शकतात.

आपल्या समाजाने मुंबईच्या रुग्णालयांस अनेक परिचारिका दिल्या. डॉ. जेरुशा झिराड यांच्यासारख्या थोर डॉक्टर कामा रुग्णालयाच्या प्रमुख होऊन गेल्या. रुग्णसेवा आपल्यास परकी नाही. परक्या देशात एखाद्या घरी असा रुग्ण असेल, तर शब्बाथच्या भेटीत त्याच्या घरच्यांची विचारपूस इतर कोणत्याही आजाराप्रमाणे करावी, आणि डॉक्टरांकडे जाताना सोबतीस कोणी हवे काय, हे विचारावे. ज्या घरात आजाराचे नाव उघडपणे घेता येते, त्या घरात दिनदर्शिकेवरील राहून गेलेली खूणही कोणाच्या तरी नजरेस पडते, आणि वेळेवर फोन होतो.