खेळता खेळता ऐका!
पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची घरगुती प्रश्नमंजूषा

टायटन घड्याळाच्या जाहिरातीची धून आठवते? टीव्हीसमोर बसणाऱ्या लहानथोरांना ती तोंडपाठ आहे. पण ती कोणाची, असे विचारले तर घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. ती धून मोझार्टची. आजच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग गावच्या या मुलाने १७७३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, आपली पंचविसावी सिंफनी लिहिली. तिच्यातून ती घेतलेली आहे. जुन्या नोकिया फोनची घंटी स्पेनचा गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा याच्या एका रचनेतली. आणि १९६१ सालच्या 'छाया' चित्रपटातले तलत-लतांचे गाजलेले युगुलगीत सलील चौधरींनी मोझार्टच्याच चाळिसाव्या सिंफनीवरून बांधले.

म्हणजे हे संगीत आपल्या घरात कधीचेच येऊन बसले आहे. त्याचे नाव मात्र आपल्याला कोणी सांगितले नाही.

इथेच खरी अडचण आहे. शाळा-कॉलेजातल्या प्रश्नमंजूषेत बीथोव्हेन, बाख ही नावे आली की आपल्या वस्तीतला हुशार मुलगाही मान खाली घालतो. 'हे मोठ्या लोकांचे, सुटाबुटातले संगीत. आपल्याला काय कळणार?' असे त्याच्या मनाने आधीच ठरवून टाकलेले असते. एकदा गप्प बसण्याची सवय लागली की ती संगीतापुरती राहत नाही. पुढे मुलाखतीत, सभेत, साहेबासमोरही ती आडवी येते. म्हणूनच घरातल्या मोबाईलवर खेळता येणाऱ्या साध्या प्रश्नखेळांकडे जरा गंभीरपणे पाहावे, असे वाटते.

खेळ कसा चालतो?

अशा खेळांत 'कहूत' हे नाव बरेच प्रसिद्ध आहे. नॉर्वे देशातल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातील संशोधनातून तो निघाला आणि २०१३ साली सर्वांना खुला झाला. एकाने प्रश्न तयार करून खेळ सुरू करायचा. पडद्यावर एक क्रमांक येतो. तो क्रमांक आपल्या मोबाईलवर टाकून, हवे ते टोपणनाव घेऊन इतरांनी आत यायचे. मग ताई पुण्यात असो, मामा नागपुरात असो, सगळे एकाच खेळात बसू शकतात. उत्तरांचे पर्याय लाल, निळ्या, पिवळ्या आणि हिरव्या रंगांच्या चौकटीत येतात. बरोबर चौकट दाबली की गुण मिळतात.

गंमत गुणांच्या हिशेबात आहे. बरोबर उत्तर लगेच दिले तर हजारापर्यंत गुण. वेळ संपता संपता दिले तर त्याच्या निम्मे. कॉलेजातल्या पोरांना हे मानवते. पण चष्मा शोधणाऱ्या आजीचे आणि पोळीचे पीठ हाताला लागलेल्या आईचे काय? उत्तर येत असूनही त्या मागे पडतात, दोन वेळा मागे पडल्या की 'तुम्हीच खेळा बाबांनो' म्हणून उठून जातात. घरातला खेळ असा असू नये. त्यावर उपाय सोपे आहेत. प्रश्नाची वेळ वाढवून ठेवा. गुण नकोत असे वाटले तर ते बंद करता येतात. एका मोबाईलवर आजी-नातू अशी जोडी करा. आणि मुख्य म्हणजे, चुकलेल्या उत्तराला हसायचे नाही हा नियम आधीच सांगून टाका. मोबाईल एकच असेल तरी बिघडत नाही. एकाने प्रश्न मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी बोटे दाखवावीत.

प्रश्न कसे काढावेत?

प्रश्न दोन तऱ्हेचे असतात. हायडनच्या क्रमांक दिलेल्या सिंफनी किती? उत्तर, १०४. झाले, बोलणे संपले. आता दुसरा प्रश्न पाहा. हायडनच्या एका सिंफनीच्या शेवटी वादक एकेक करून मेणबत्ती विझवून उठून का जातात? इथे घरातले सगळे तर्क लढवू लागतात.

त्यामागची हकीकत अशी. योसेफ हायडन १७३२ साली ऑस्ट्रियातल्या रोराऊ या खेड्यात जन्मला. वडील गाड्यांची चाके बनवणारे कारागीर. आई तिथल्या सरदाराच्या घरी स्वयंपाकाला होती. पुढे हायडन एस्टरहाझी या बड्या घराण्याच्या चाकरीला लागला. एवढा मोठा संगीतकार, पण मालकाने दिलेला गणवेश घालूनच हजर राहावे लागे. १७७२ साली राजपुत्राचा मुक्काम उन्हाळी महालात लांबला. वादकांची बायकामुले दूर आयझेनश्टाट गावात. घरी जायची परवानगी मिळेना. तेव्हा हायडनने पंचेचाळिसावी सिंफनी रचली. शेवटच्या भागात एक वादक थांबतो, मेणबत्ती विझवतो, निघून जातो. मग दुसरा, मग तिसरा. अखेर फक्त दोन व्हायोलिन उरतात. राजपुत्र काय ते समजला, आणि दुसऱ्याच दिवशी मंडळी घराकडे निघाली, असे हायडनचे चरित्रकार सांगतात. जगातला इतका सुरेल रजेचा अर्ज दुसरा नसेल! ज्या घरात रजेसाठी साहेबाच्या टेबलासमोर उभे राहण्याचा अनुभव आहे, त्या घराला ही सिंफनी समजावून सांगावी लागत नाही. मोबाईलवर तिचा शेवट लावा आणि ऐका.

गाळलेली नावे

चांगली प्रश्नमंजूषा आणखी एक काम करते. विसरलेल्या माणसांची नावे ती पुन्हा उच्चारते. बीथोव्हेनच्या 'क्रॉयत्सर सोनाटा'चे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. पण ती आधी कोणासाठी लिहिली होती? जॉर्ज ब्रिजटॉवर या व्हायोलिनवादकासाठी. त्याचे वडील आफ्रिकी वंशाचे आणि एस्टरहाझींच्याच घरी नोकर होते. मे १८०३ मध्ये व्हिएन्नात ब्रिजटॉवरने व्हायोलिनवर आणि स्वतः बीथोव्हेनने पियानोवर ती प्रथम वाजवली. पुढे दोघांचे बिनसले. १८०५ साली रचना छापली गेली तेव्हा अर्पणपत्रिकेत पॅरिसच्या क्रॉयत्सरचे नाव होते. त्याने तर ती कधी वाजवलीच नाही, असे म्हणतात. ज्याने वाजवली त्याचे नाव गेले, ज्याने वाजवली नाही त्याचे राहिले.

मुलींसाठी एक प्रश्न. १८४२ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने फेलिक्स मेंडेलसोनसमोर त्याच्या संग्रहातले एक आवडते गाणे म्हटले. फेलिक्सला काय कबूल करावे लागले? हे गाणे माझे नाही, माझी बहीण फॅनी हिचे आहे. फॅनीची बुद्धी भावाइतकीच तेज. पण मुलीने संगीत हा दागिन्यासारखा शौक ठेवावा, असे वडिलांचे मत. म्हणून तिची काही गाणी भावाच्या नावाने छापली गेली. हा प्रश्न घरात विचारला की आई काय बोलते ते लक्ष देऊन ऐका.

आणि मेरियन अँडरसन. अमेरिकेची ही कृष्णवर्णीय गायिका १९३९ साली वॉशिंग्टनला गाणार होती. पण तिथले मोठे सभागृह तिच्या वर्णामुळे तिला नाकारण्यात आले. मग ९ एप्रिल १९३९ रोजी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर, उघड्या आकाशाखाली ती गायली. समोर सुमारे ७५ हजार माणसे होती. सभागृहात एवढी मावलीच नसती.

एवढे समजल्यावर 'हे मोठ्या लोकांचे संगीत' असे कोण म्हणेल? मालक मोठे होते, पण वाजवणारे, रचणारे, गाणारे बहुतेक पोटासाठी राबणारेच होते.

शेवटचा प्रश्न आपल्या मातीतला. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरच्या २७ संगीतरचनांची सोनेरी तबकडी बसवली आहे. बाख, मोझार्ट, बीथोव्हेन यांच्याबरोबर तिच्यात भारतातला एकच आवाज आहे. कोणाचा? गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी. त्यांतले एक यान निघाले त्याच महिन्यात, सप्टेंबर १९७७ मध्ये, केसरबाई गेल्या. त्यांचा सूर मात्र अजून प्रवास करतो आहे.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी जेवणानंतर अर्धा तास काढा. आधी धून ऐकवा, मग प्रश्न विचारा, आणि उत्तर चुकले तर गोष्ट सांगा. सुरुवातीसाठी हे पाच प्रश्न घ्या.

१. पियानोला एकूण पट्ट्या किती?
२. व्हायोलिनला तारा किती?
३. व्हेनिसच्या अनाथ मुलींच्या आश्रमात व्हायोलिन शिकवणारा प्रसिद्ध संगीतकार कोण?
४. खाटकाचा मुलगा असलेल्या कोणत्या संगीतकाराची 'नव्या जगातून' ही सिंफनी १८९३ साली न्यूयॉर्कला प्रथम वाजली?
५. बीथोव्हेनची नववी सिंफनी १८२४ साली व्हिएन्नात प्रथम सादर झाली, तेव्हा टाळ्या दिसाव्यात म्हणून त्याला श्रोत्यांकडे वळवावे लागले. का?

उत्तरे : १) ८८. २) चार. ३) अंतोनियो विवाल्दी. ४) अंतोनिन द्वोर्झाक. ५) त्याला ऐकू येत नव्हते.