सशांचे अंथरूण : कोरडे, मऊ आणि स्वच्छ



मुलांचा हट्ट म्हणून अनेक घरांत सशांची जोडी येते. सुतार पिंजरा करून देतो, मुले कोथिंबीर आणि गाजर आणतात. पण ससा रात्रंदिवस कशावर बसतो याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्याचे पुष्कळसे दुखणे तेथूनच सुरू होते.

कुत्र्यामांजरांच्या पायांना गादी असते, सशाच्या पायांना ती नसते. त्याच्या तळव्यावर फक्त दाट केस असतात. नुसत्या जाळीवर किंवा ओल्या फळीवर सतत बसल्याने ते केस झिजतात, कातडी लाल होते आणि मग जखम होते. ही जखम लवकर बरी होत नाही. म्हणून पिंजऱ्याचा तळ जाळीचा असेल, तर निम्म्या भागावर तरी गुळगुळीत फळी टाकावी आणि तिच्यावर अंथरूण करावे.

काय अंथरावे? आपल्याकडे सर्वांत सोपा म्हणजे भाताचा पेंढा किंवा वाळलेले मऊ गवत. तळाला वर्तमानपत्राचे दोन-तीन थर घालून त्यावर चार-पाच बोटे जाडीचा पेंढा पसरावा. कागद ओल शोषतो, पेंढा वरून कोरडा राहतो. ससा अंथरूण खातोही, म्हणून पेंढा आधी हातात घेऊन वास घ्यावा. कुबट वास आला, काळे डाग दिसले किंवा धूळ उडाली, तर तो वापरू नये. सशाला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले त्याला बाहेर टाकता येत नाही.

काय टाळावे? लाकडाचा बारीक भुसा नाकाडोळ्यांत जातो. देवदार किंवा चीड यांसारख्या उग्र वासाच्या लाकडाचे छिलके नकोत. कापसाचे तंतू पिलांच्या पायांना गुंडाळतात. मांजरांसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी वाळू पोटात गेली तर फुगते. उसाच्या पाचटाच्या कडा धारदार असतात, तेही नको.

ससा बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतो. तो कोपरा ओळखून तेथील ओला पेंढा रोज काढावा आणि आठवड्यातून एकदा सगळे अंथरूण बदलावे. लघवीतून सुटणारा अमोनिया सशाच्या श्वासाला त्रास देतो. पावसाळ्यात घाणीने माखलेल्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होऊ शकतात. त्या दिवसांत सशाची मागची बाजू रोज उचलून पाहावी. अळ्या किंवा जखम दिसल्यास वेळ न घालवता पशुवैद्याकडे न्यावे.

उन्हाळ्यात पेंढा पातळ ठेवावा आणि एका बाजूला थंड फरशी द्यावी, कारण सशाला उष्णता फार बाधते.

मादी गाभण असेल तर अधिक काळजी हवी. साधारण 31 दिवसांनी ती विते. 28व्या दिवशी मऊ गवत भरलेली लाकडी पेटी आत ठेवावी. मादी स्वतःच्या अंगाचे केस उपटून त्यात घालते. ते घाण समजून फेकू नयेत. पिले उघडी आणि आंधळी जन्मतात, त्यांचे डोळे सुमारे दहाव्या दिवशी उघडतात. तोवर ही ऊबच त्यांचा जीव राखते. आई दिवसातून एकदोनदाच थोडा वेळ दूध पाजते. तिने पिले टाकली असे समजून घाईने हात घालू नये. पिलांची पोटे भरलेली दिसली की निश्चिंत राहावे.

काढलेला पेंढा आणि लेंड्या खड्ड्यात कुजवल्या की परसातील भाजीला उत्तम खत होते. पिंजरा हाताळल्यावर मुलांना हात धुवायला लावावे.

एक साधी परीक्षा सांगतो. रोज सकाळी अंथरुणावर तळहात दाबून पाहा आणि पिंजऱ्यापाशी नाक नेऊन वास घ्या. हाताला ओल लागली किंवा डोळे चुरचुरले, तर सशालाही तोच त्रास होत आहे. तो मुका जीव ओरडून सांगणार नाही. आपणच वाकून पाहायचे.