लूनचं काठावरचं घरटं
लून हा पाणपक्षी पोहण्यात पटाईत. पाय मात्र इतके मागे, की जमिनीवर धड चालता येत नाही. म्हणून घरटं काठाला चिकटून. तळ्याचं पाणी वीतभर चढलं की अंडी गेलीच, आणि ती असतात जेमतेम दोन. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये १९७५ साली स्थापन झालेली लून प्रिझर्व्हेशन कमिटी त्यासाठी तराफे सोडते: पाणी चढलं, की घरटंही चढतं. प्रौढ लूनचा खरा काळ मात्र गळाला लावलेलं शिशाचं वजन. खडा समजून किंवा गळ अडकलेल्या माशासोबत ते पोटात जातं, पेषणीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या जठरात, झिजून रक्तात उतरतं. हरभऱ्याएवढा तुकडाही पुरतो! औंसभर किंवा त्याहून हलक्या शिशाच्या गळवजनांवर तिथे २०१६पासून बंदी आहे; मासेमारांच्या जुन्या डब्यांतली अजून संपायची आहेत.