शब्दांचा माग : ‘क्लीन’

कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाले. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईवारी वाचली. न्यायालयाच्या भाषेतला एक जुना वाक्प्रयोगही आता इथल्या लोकांच्या कानावर अधिक पडेल : दाद मागणाऱ्याने ‘विथ क्लीन हँड्स’ यावे. बातम्यांत त्याचे ‘स्वच्छ हातांनी’ असे मराठी होते. उसाच्या पाचटाने हात चिरलेल्या शेतकऱ्याने ते ऐकले, तर त्याला नेमके काय समजावे?

हा प्रयोग इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयांतून आला. कायद्याच्या काटेकोर नियमांत न बसणारा न्याय तिथे सदसद्विवेकाला धरून दिला जाई. म्हणून दाद मागणाऱ्याची वागणूकही तपासली जाई. समजा, सामाईक जागेत भाऊ बांधकाम करतो म्हणून एकाने मनाई हुकूम मागितला आणि त्याच जागेच्या वाटणीपत्रावर आपली सही आहे, हे दडवून ठेवले. त्याचे हात ‘क्लीन’ नाहीत. आपल्याकडे 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम 41 मध्ये हे तत्त्व आले आहे. त्याला एक मर्यादा आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. दोष त्याच व्यवहारातला असावा लागतो. त्या माणसाने दुसरीकडे कुणाचे पैसे बुडवले असतील, तर तेवढ्यावरून या दाव्यात त्याला हाकलता येत नाही. अवघ्या माणसावर शिक्का मारायचा नाही, हातात आहे तेवढेच प्रकरण तपासायचे.

इंग्रजीत ‘क्लीन’ हा शब्द फार जुना. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ शुद्ध, भेसळ नसलेला असाही होता. त्याचा जर्मन भाऊबंद ‘क्लाइन’ पूर्वी चकचकीत, सुबक या अर्थाने वापरत. आज त्याचा अर्थ लहान असा उरला आहे. इंग्रजीतला शब्द मात्र वस्तूंवरून कागदांवर गेला, कागदांवरून माणसांवर. जहाज बंदर सोडताना तिथे साथीचा रोग नसल्याचा दाखला मिळे, तो ‘क्लीन बिल ऑफ हेल्थ’. जहाजाची फळी धुतली की नाही, याच्याशी त्या दाखल्याचा संबंध नव्हता. आपल्या वर्तमानपत्रांची लाडकी ‘क्लीन चिट’ तर अर्धी आपलीच आहे. त्यातले ‘चिट’ म्हणजे आपली चिठ्ठी. नोकरी सोडणाऱ्या खानसाम्याला साहेब वर्तणुकीचा दाखला लिहून देई, त्यालाही ‘चिट’च म्हणत.

आता या शब्दाचा दुसरा फाटा पाहू. त्याच्याशी कोल्हापूरचा इतिहास जोडलेला आहे. बायबलच्या इंग्रजी भाषांतरात काही प्राणी ‘क्लीन’ आहेत आणि काही ‘अनक्लीन’. डुक्कर कितीही धुतले तरी ‘अनक्लीन’च. तिथे ‘अस्वच्छ’ हे भाषांतर चुकीचे होईल. तिथला अर्थ ‘ओवळे’च्या जवळ जातो. स्वच्छ आणि सोवळे या दोन गोष्टी वेगळ्या, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

1899 सालच्या कार्तिकात राजर्षी शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले होते. त्यांच्याबरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवत यांच्या लक्षात आले, की पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी शूद्रांसाठीचे मानले जाणारे पुराणोक्त मंत्र म्हणत आहे. शिवाय त्याने स्वतः स्नानही केलेले नव्हते. पुराणोक्ताला स्नान लागत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. हा प्रसंग मला नेहमी थक्क करतो. नदीत उभा राहून अंग धुणारा राजा जन्मामुळे कमी शुद्ध, आणि आंघोळ न करता आलेला पुरोहित त्याच्याहून वरचा! स्वच्छतेचा लाक्षणिक अर्थ मूळ अर्थापासून इतका सुटा झाला होता, की पाण्याची गरजच उरली नव्हती. यातून वेदोक्त प्रकरण पेटले. दरबारचे पुरोहित राजोपाध्ये हटले नाहीत आणि 1902 मध्ये त्यांची इनामे जप्त झाली.

महाराज तिथेच थांबले नाहीत. 1919 च्या सप्टेंबरात त्यांनी सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या करण्याचा हुकूम काढला. गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला त्यांनी मदत केली. गिऱ्हाईक फिरकेना. तिथल्या कपबशा किती घासलेल्या आहेत, हे पाहायला कुणी आतच येत नव्हते. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. कपाची स्वच्छता कपावरच ठरावी, एवढे साधे म्हणणे होते आणि त्यासाठी राजाला रस्त्यात गाडी उभी करावी लागली.

त्याच पंचगंगेचे आज काय चालले आहे? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांची ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. घाटावर दिवे लागतात, आरती होते, आणि जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून मैलापाणीही तिच्यात येते. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय हा जिवाणू आढळता कामा नये. ही ‘क्लीन’ची सगळ्यात कोरडी व्याख्या आहे आणि मला ती सगळ्यात न्याय्य वाटते, कारण ती नमुना कुणी भरला हे विचारत नाही. नदीला पवित्र म्हणणाऱ्यांनी या व्याख्येची भीती बाळगू नये. तिच्या काठच्या गावांचे आरोग्य याच आकड्यावर ठरते.

पुढच्या आठवड्यात ‘प्युअर’ घेऊ. त्यासाठी गुऱ्हाळावर जावे लागेल.