भयपट कोणाच्या हातीं द्यावा?

आषाढांत पन्हाळगडावर धुकें उतरलें म्हणजे तीन दरवाजाची कमान दहा पावलांवरून दिसेनाशी होते, आणि अंधारबावीच्या तीन मजली दगडी वास्तूंत भर दुपारींहि हातांत दिवा असलेला बरा वाटतो. भीति उत्पन्न करण्यासाठीं चित्रपटकाराला याहून अधिक देखावा उभारावा लागत नाहीं. गडावरील जुन्या वास्तू पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं आहेत, आणि २०२५ च्या जुलै महिन्यांत जागतिक वारसा म्हणून मान्य झालेल्या बारा मराठा दुर्गांत पन्हाळाहि आहे. तेव्हां तेथें कॅमेरा न्यावयाचा तर आधीं रीतसर परवानगी काढली पाहिजे. धुकें मात्र फुकट मिळतें.

समजा, कोल्हापुरांतील चारपांच तरुणांनीं तेथें असा एक भयपट काढला. नांवाजलेला नट नाहीं, गाणें नाहीं. एक जुना बंगला, सहा पात्रें आणि पंधरवड्याचा पाऊस. खर्च तीस लाख रुपये, आणि त्यांतले निम्मे कोणाच्या तरी वडिलांच्या निवृत्तीच्या पुंजींतून आलेले. चित्र पुरें झालें. येथवरचें काम कलेचें व कष्टाचें होतें. यापुढचा प्रश्न निराळा आहे. हें चित्र लोकांपर्यंत पोंचवील कोण, आणि कोणत्या अटींवर? वडिलांची पुंजी परत येणें न येणें पुष्कळदां या एका निवडीवर अवलंबून असतें.

वितरक म्हणजे चित्राची पेटी थिएटरांत नेऊन टाकणारा माणूस, अशी एक समजूत आढळते. कोल्हापूरला तरी ती शोभत नाहीं. प्रभात कंपनी १९२९ सालीं याच शहरांत निघाली व १९३३ मध्यें पुण्यास गेली. तिच्या चित्रांचें वितरण करणारे 'फेमस'चे बाबूराव पै पुढें त्याच कंपनीचे भागीदार झाले. चित्र कोणत्या गांवीं लागावें, कोणत्या शुक्रवारीं, दिवसाचे किती खेळ व्हावे, जाहिरात कसली करावी, हें वितरक ठरवितो. आणि आलेल्या पैशाचा हिशेबहि तोच ठेवतो. ही शेवटची गोष्ट नवखा निर्माता विसरतो.

सौदे साधारणपणें तीन तऱ्हांचे होतात. एकरकमी विक्रींत पैसे हातीं पडतात, पण पुढें चित्र गाजलें तरी निर्मात्याचा संबंध उरत नाहीं. मिनिमम गॅरंटीच्या सौद्यांत वितरक ठरलेली रक्कम आधीं देतो, ती व आपला खर्च वसूल करून घेतो, आणि मग उरलेल्यांत दोघांचा वाटा पडतो. तिसरा सौदा कमिशनचा. अनोळखी मंडळींच्या भयपटाला बहुधा हाच मिळतो, म्हणून त्याचें गणित मांडून पाहण्यासारखें आहे.

पहिल्या आठवड्यांत मल्टिप्लेक्सांतून कर वजा जातां दहा लाख रुपये जमले असें धरूं. २००९ सालीं निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यांत तंटा होऊन जो समेट झाला, त्यानें पहिल्या आठवड्याला निम्मा, दुसऱ्याला साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्याला साडेसदतीस टक्के आणि पुढें तीस टक्के वाटा वितरकाकडे, असें वळण पडलें. त्या मानानें पांच लाख वितरकाच्या वहींत आले. कमिशन पंधरा टक्के ठरलें असेल तर पाऊण लाख त्याचे. राहिले सव्वाचार लाख. आतां भित्तिपत्रकें, जाहिराती आणि दर पडद्यामागें यंत्रवाल्या कंपनीला द्यावी लागणारी रक्कम मिळून वितरकानें सहा लाख खर्चले असतील, तर निर्मात्याला एक पैहि न मिळतां उलट पावणेदोन लाख त्याच्याच नांवें निघतात. खेळ भरलेले दिसतात, हार घातले जातात, आणि हिशेबाच्या कागदावर देणें असतें! यांत लबाडी कोठेंच नाहीं. चूक एवढीच कीं, प्रसिद्धीच्या खर्चाला कमाल मर्यादा घातली नाहीं आणि तिच्यापुढें जातांना निर्मात्याची लेखी संमति लागेल असें कलम करारांत आलें नाहीं.

वरील टक्के उतरते आहेत हेंहि ध्यानांत घ्यावें. नटाच्या नांवावर चालणारें चित्र पहिल्या तीन दिवसांत आपली मिळकत करतें. भयपटाला असें नांव नसतें. एकानें पाहावें, घाबरावें, दुसऱ्याला ओढून न्यावें, अशा रीतीनें तो चढतो, आणि चढेपर्यंत वाटा घटलेला असतो किंवा पडदाच गेलेला असतो. म्हणून मुंबईंतील सर्वांत बडा वितरक हा अशा चित्राला सर्वांत चांगला वितरक असेलच असें नाहीं. त्याच शुक्रवारीं त्याचें स्वतःचें मोठें चित्र असेल, तर धाकट्याच्या वांट्याला सकाळीं नऊचा खेळ येतो. आणि सकाळीं नऊला भुताला कोण भितो?

रामसे बंधूंनीं 'दो गज जमीन के नीचे' हें चित्र थोडक्या माणसांनिशीं महाबळेश्वरास घेतलें व १९७२ सालीं लोकांपुढें आणलें. त्यांच्या चित्रांना मोठ्या शहरांतील प्रतिष्ठित थिएटरांपेक्षां लहान गांवांनीं अधिक आश्रय दिला. तेव्हां पन्हाळ्याच्या मंडळींनीं वितरकाला विचारावयाचें तें हें: इचलकरंजी, सांगली, कराड, बार्शी येथील एकपडदा थिएटरवाले तुम्हांला ओळखतात काय? मागील भयपट तेथें किती आठवडे ठेवलात? मुलुखाची वांटणीहि नीट समजून घ्यावी. सिनेमाच्या व्यापारांत मराठवाडा 'निजाम' विभागांत मोडतो आणि विदर्भ 'सीपी-बेरार'मध्यें. निजामाचें राज्य १९४८ सालीं गेलें, पण वितरकांच्या वहींत तो सुखानें नांदतो आहे. 'मुंबई विभाग' एवढेंच लिहून दिलें तर औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) व नागपूर त्यांत येत नाहींत. तीं दुसऱ्याला देण्यास निर्माता मोकळा असतो.

पैशाहून मोठी हानि कशी होते, तें अमेरिकेंतील एका चित्रावरून कळतें. पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरो व त्याच्या मित्रांनीं सुमारें एक लाख चौदा हजार डॉलरांत काळ्यापांढऱ्या रंगांत एक भयपट काढला. एका वितरक कंपनीला त्याचा दुःखान्त शेवट नको होता. मंडळी शेवट बदलावयास तयार नव्हती. तेव्हां चित्र जसेंच्या तसें दाखवूं म्हणणाऱ्या वॉल्टर रीड संस्थेला त्यांनीं तें दिलें. निवड कलेच्या दृष्टीनें निर्दोष होती. परंतु वितरकानें चित्राचें नांव बदलून 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केलें, आणि नवी नांवाची पाटी घालतांना जुन्या पाटीवरील स्वामित्वहक्काचा उल्लेख गळाला. त्या काळच्या अमेरिकन कायद्यांत असा उल्लेख नसला तर हक्कच जात असे. १९६८ सालीं चित्र लागलें, जगभर गाजलें, आणि तें कोणींहि छापावें, विकावें, दाखवावें असें झालें. एका ओळीनें कर्त्यांचें आयुष्यभराचें उत्पन्न नेलें.

आपल्याकडील कायदा या बाबतींत कनवाळू आहे. येथें हक्क टिकण्यास पाटीची गरज नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें हक्क देणें तें लेखीच दिलें पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क वर्षभरांत वापरला नाहीं, आणि करारांत तसें वेगळें ठरलें नसेल, तर तो परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीनें आणखी एक संरक्षण मिळालें: कराराच्या वेळीं जें माध्यम अस्तित्वांत किंवा व्यापारी वापरांत नव्हतें, तें नांवानिशीं लिहिल्याखेरीज दिलें असें होत नाहीं. पण ही कृपा मौनापुरती आहे. छापील मसुद्यांत 'कायमचे', 'सर्व जगभर' असे शब्द असले आणि खालीं सही झाली, कीं कायदा सहीकडे पाहतो.

म्हणून थिएटरचा हक्क, दूरचित्रवाणीचा, ओटीटी मंचाचा, परदेशाचा, आणि त्याच कथेवर दुसऱ्या भाषेंत चित्र काढण्याचा, असे एकेक हक्क निरनिराळे मोजावे. यांतला शेवटचा सर्वांत सहज हातचा जातो. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा उंसाच्या फडांत घडणारा मराठी भयपट २०१७ मध्यें आला. तीच कथा त्याच दिग्दर्शकानें २०२१ सालीं 'छोरी' म्हणून हिंदींत केली व ती थेट ॲमेझॉनच्या मंचावर लागली. खुद्द चित्रालाहि दुसरा जन्म येऊं शकतो: २०१८ च्या 'तुंबाड'नें २०२४ मध्यें पुन्हां लागल्यावर पहिल्या वेळेहून अधिक मिळविलें. तो स्वस्त चित्रपट नव्हता, पण मुदतीचें महत्त्व त्यावरून कळतें. थिएटरवाल्या वितरकाला पांच वर्षें पुष्कळ झालीं.

प्रमाणपत्राचाहि विचार सौद्याआधीं करावा. 'केवळ प्रौढांसाठीं' असा शिक्का बसलेलें चित्र दूरचित्रवाणीवर दाखवावयाचें तर २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणें वेगळें प्रमाणपत्र लागतें. त्यासाठीं कापाकापी करावी लागल्यास ती कोण करील व तिचा खर्च कोणावर, हें आधीं ठरलेलें बरें.

वितरकाच्या कचेरींतील चहापेक्षां त्याच्याकडे पूर्वीं चित्र दिलेल्या दोघां निर्मात्यांची भेट अधिक उपयोगी. थिएटरांचे रोजचे आंकडे दाखविले का, हिशेब किती महिन्यांनीं आला, मागितल्यावर वह्या उघडल्या का, एवढेंच विचारावें. उत्तर देण्यापूर्वीं समोरचा किती वेळ थांबतो तेंहि पाहावें. नांव बदलण्याचा किंवा शेवट कापण्याचा अधिकार वितरकाला नाहीं, असें स्पष्ट लिहून घ्यावें. आणि चित्राची मूळ प्रत कोल्हापुरांतच राहूं द्यावी; मुंबईस जावयाची ती तिची नक्कल, जिच्यावर चित्राचें नांव, वर्ष आणि हक्कदार मंडळींचीं नांवें एकाच पाटीवर आहेत.