मुंग्या साखरेच्या की बी-१२च्या?

पुण्यातल्या एका मधुमेह दवाखान्यात पायांची तपासणी कशी चालते, ते मी जवळ बसून पाहिलं. समोर साठीच्या घरातले एक काका होते. पायांना मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, चालताना चप्पल निसटली तरी कळत नाही, ही त्यांची तक्रार. ‘शुगर जुनी आहे, त्याचंच असणार,’ असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं.

तपासणाऱ्या ताईंनी आधी बोटांच्या बेचक्या, भेगा, घट्टे नीट पाहिले. मग नायलॉनचा दोरा बसवलेली एक कांडी घेतली. १० ग्रॅमचा दाब पडला की हा दोरा वाकतो. “काका, डोळे मिटा. स्पर्श जाणवला की ‘हो’ म्हणा.” दोरा अंगठ्यावर टेकला, तळव्यावर टेकला. काही ठिकाणी ‘हो’ आलं, काही ठिकाणी काहीच नाही. नंतर सेकंदाला १२८ कंपनं करणारा नादकाटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला. “कंप थांबला की सांगा.” काका लगेच म्हणाले, “थांबला.” ताईंच्या बोटांना तो अजून जाणवत होता.

नसा दुखावल्या आहेत, एवढं यातून कळलं. कशाने, ते कळलं नाही. साखरेने दुखावलेल्या आणि बी-१२ जीवनसत्त्वाअभावी दुखावलेल्या नसा या तपासणीत बऱ्याचदा सारखंच उत्तर देतात. म्हणून डॉक्टरांनी विचारपूस सुरू केली. साखरेची गोळी, मेटफॉर्मिन, किती वर्षं घेताय? दहाच्या वर. मांसाहार? नाही, अंडंही नाही. आणखी कुठली गोळी? रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची.

या तीन उत्तरांत आजाराचा माग होता. बी-१२ निसर्गतः प्राणिजन्य अन्नातूनच मिळतं. शाकाहाऱ्याला दूध-दह्यातून येईल तेवढंच. ते अन्नातून सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी तेच कमी करते. पुढे जठरात तयार होणारं एक प्रथिन त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात नेतं. तिथलं शोषण मेटफॉर्मिनमुळे मंदावतं. यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे तूट लगेच उघडी पडत नाही. मेटफॉर्मिन सुरू झाल्यावर इतक्या वर्षांनी आलेल्या मुंग्यांचा त्या गोळीशी संबंध कोण जोडणार?

काकांचा रिपोर्ट आला. बी-१२ मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली, म्हणजे स्पष्ट कमतरता. हिमोग्लोबिन मात्र जवळपास ठीक. रक्त चांगलं दिसत असतानाही नसांची हानी चालू असू शकते, हे अनेकांना माहीत नसतं. डॉक्टरांनी बी-१२ची इंजेक्शनं सुरू केली, पुढे गोळ्या सांगितल्या. मेटफॉर्मिन थांबवलं नाही; साखर आटोक्यात ठेवणारं ते भरवशाचं, स्वस्त औषध आहे. “आग कमी व्हायला काही महिने लागतील,” ते काकांना म्हणाले, “पण जुनी बधिरता पूर्ण जाईलच, असं सांगता येत नाही.” या शेवटच्या वाक्यामुळेच मला हे लिहावंसं वाटलं. इथे उशिराची किंमत नसा मोजतात.

आपल्याकडे तर सुरुवातच तुटीने होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या सुमारे दोन तृतीयांश मध्यमवयीन पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं. त्यावर वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने जून २०२२ मध्ये बी-१२ची कमतरता हा या औषधाचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम असल्याचं बजावलं आणि धोका असलेल्यांची वेळोवेळी तपासणी करायला सांगितलं.

तुम्ही किंवा घरातलं कुणी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना बी-१२च्या तपासणीबद्दल विचारा. पायांना मुंग्या येत असतील, तोल जात असेल किंवा जीभ लाल होऊन झोंबत असेल, तर पुढच्या भेटीचीही वाट पाहू नका. चाचणीआधी स्वतःच्या मनाने जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करू नका. त्याने आकडा फसवा येतो. आणि हे वाचून मेटफॉर्मिन मात्र बंद करू नका.