गोचीड गाईवर कमी, गोठ्यात जास्त

गाईच्या अंगावर दिसतात तेवढ्याच गोचिडी, असं समजू नका. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली गळून पडते, भिंतीच्या भेगांत किंवा गव्हाणीखाली दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. म्हणून नुसती गाय फवारणं म्हणजे अर्धंच काम. त्याच दिवशी गोठाही फवारा, भेगा लिंपून घ्या. दगडी भिंत असेल तर फ्लेमगनची आच फिरवा, पण आधी जनावरं आणि कडबा बाहेर काढा. अंड्यांवर औषध फारसं चालत नाही, त्यामुळे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारणी लागतेच.

अमिट्राझ (१२.५ टक्के) साधारणपणे लिटरभर पाण्यात २ मिली वापरतात. ‘जालीम हवं’ म्हणून मात्रा वाढवू नये. घोड्याला तर हे औषध लावूच नये. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सोपं वाटतं खरं, पण त्याचा अंश दुधात उतरतो. दुभत्या गाईला ते परस्पर टोचू नका.

संकरित गाईला गोचिडींमुळे थायलेरियासिस झाला तर जोराचा ताप येतो, खांद्यापुढच्या गाठी सुजतात. अशा वेळी वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.